एकच रेग्युलेटर

सांगलीच्या पेठेत अण्णांचे गॅसच्या शेगड्यांचे दुकान चाळीस वर्षे चालले. विक्री थोडी आणि दुरुस्ती अधिक, असा तो धंदा होता. जेट साफ करणे, घट्ट झालेल्या नॉबला वंगण देणे, तडकलेली रबरी नळी बदलणे, पिवळी ज्योत निळी करून देणे, यातच त्यांची उमर गेली. पुढे दुकान पुतण्याच्या हाती सोपवून ते मोकळे झाले आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाने त्यांना आग्रहाने बोलावून घेतले.

सॉल्ट लेक सिटीतील ही त्यांची तिसरी खेप होती. आधीच्या दोन्ही खेपा सोफ्यावर बसण्यात आणि संध्याकाळी गल्लीला दोन फेऱ्या मारण्यात गेल्या होत्या. मुलाच्या घरात कशाचीच उणीव नव्हती. अण्णांना मात्र आपल्या हातांचे काय करावे हे कळत नसे. ज्या माणसाकडे रोज वीस माणसे काही ना काही विचारायला येत, त्याला वर्षानुवर्षे कुणी काही विचारू नये, हे सुखच असले तरी पचायला जड असते.

या वेळी मात्र दारात एक नवी वस्तू उभी होती. मुलाने एक जुना कॅम्पिंग ट्रेलर विकत घेतला होता. गाडीमागे जोडून ओढून नेण्याची ती एक चाकांवरची खोली. आत झोपण्याची सोय, छोटा फ्रिज, पाणी तापवण्याचे यंत्र आणि दोन बर्नरची शेगडी. ही सगळी यंत्रे ट्रेलरच्या पुढच्या टोकावर बसवलेल्या प्रोपेनच्या दोन सिलिंडरांवर चालत. प्रत्येकात सुमारे नऊ किलो गॅस. जूनच्या अखेरीस सर्वांनी मिळून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात चार दिवस राहावे, असा बेत ठरला होता.

तिथल्या मुक्कामाच्या जागी शेकोटीसाठी लोखंडी कडे आणि त्यावर जाळी असते. पण त्या जाळीवर आजवर कोणी काय भाजले असेल याचा नेम नाही. म्हणून सूनबाईंनी एक नवी, हातात धरून नेता येईल अशी गॅसची ग्रिल घेतली होती. तिच्यावर घरच्याखेरीज दुसरे काही शिजणार नव्हते. ट्रेलरमधली शेगडी होती. परंतु बंद, अरुंद जागेत पाच माणसांचा स्वयंपाक करणे म्हणजे वाफ, उकाडा आणि कार्बन मोनॉक्साइडची भीती. बाहेर मोकळ्या हवेत कणसे, भोपळी मिरची आणि पनीर भाजावे, पापड शेकावेत, दिवेलागणीपूर्वी जेवणे उरकावीत, एवढा साधा विचार होता.

अडचण गॅसची होती. अशा ग्रिलला एक छोटा, एकदाच वापरून टाकून देण्याचा सिलिंडर लागतो. त्यात अर्धा किलोहूनही थोडा कमी गॅस असतो. मोठ्या आचेवर तो दोन तासही पुरत नाही. तो पुन्हा भरून सोबत वाहून नेणे हा तिथे कायद्याने गुन्हा आहे. चार दिवसांसाठी असे पाच-सहा डबे घ्यायचे आणि रिकामे करून फेकायचे, आणि शेजारीच अठरा किलो गॅस भरलेला असावा, हे व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला पटेना. ट्रेलरच्या कुशीला बाहेरच्या बाजूने गॅस घेण्यासाठी एक तोटी होती. तिथून नळी घेऊन ग्रिल जोडावी, असे त्याने ठरवले. अण्णांनाही हा हिशेब आवडला.

निघण्याच्या आठ दिवस आधी मुलाने घरासमोर पहिला प्रयोग केला. तोटीला नळी लावली, नळीचे दुसरे टोक ग्रिलच्या रेग्युलेटरला जोडले आणि बर्नर पेटवला. ज्योत आली, पण कशी, तर समईच्या वातीसारखी. नॉब पूर्ण उघडला तरी ती वाढेना. पाऊण तास झाला तरी कणसाचा दाणा तडतडला नाही. नातू कंटाळून आत गेला.

"गॅसला दाब पुरत नाही," मुलगा म्हणाला, "जेटचं भोक थोडं मोठं करतो. बारीक ड्रिल आहे माझ्याकडे."

अण्णा इतका वेळ खुर्चीवर बसून पाहत होते. त्यांनी विचारले, "या वाटेत रेग्युलेटर किती आहेत?"

मुलाने मोजले. एक सिलिंडरपाशी, ट्रेलरचा. दुसरा ग्रिलचा. "दोन," तो म्हणाला.

"मग बिचारा गॅस काय करील? एका मालावर दोन दलाल बसले की शेतकऱ्याच्या हाती काय उरतं? जेटला हात लावू नकोस. त्याची चूक नाही."

अण्णांचे म्हणणे नीट समजून घेण्याजोगे आहे. सिलिंडरमध्ये प्रोपेन द्रवरूपात असतो आणि त्याच्या वाफेचा दाब हवामानाप्रमाणे बदलतो. वीस अंश सेल्सिअसला तो पाण्याच्या स्तंभात मोजला तर सुमारे पाऊणशे मीटर भरतो. ग्रिलच्या बर्नरला मात्र ११ इंच, म्हणजे जेमतेम २८ सेंटिमीटर पाण्याइतकाच दाब हवा असतो. अडीचशे पटींहून अधिक असलेले हे अंतर तोडण्याचे काम रेग्युलेटरचे. ट्रेलरचा रेग्युलेटर एकाच घरात दोन टप्प्यांनी ते काम पुरे करतो आणि कुशीच्या तोटीपर्यंत शांत झालेला गॅस पोहोचवतो. ग्रिलचा स्वतःचा रेग्युलेटर छोट्या सिलिंडरच्या जोरदार दाबासाठी बनवलेला असतो. त्याचे आतले भोक अतिशय बारीक असते, कारण मागून मोठा रेटा येणार हे त्यात गृहीत धरलेले असते. आधीच शांत झालेला गॅस त्या बारीक भोकातून पुरेसा पुढे सरकू शकत नाही. बर्नर उपाशी राहतो. अशा वेळी जेटचे भोक मोठे केले तर रोगी सोडून भलत्यालाच औषध दिल्यासारखे होते. पुढे कधी पूर्ण दाब मिळाला की त्या मोठ्या भोकातून गॅस जास्त, हवा कमी. ज्योत पिवळी, भांडी काळी आणि विषारी धूर.

मुलाला हे पटले. दुसऱ्या दिवशी त्याने ग्रिलची पुस्तिका काढली. तिच्यात रेग्युलेटर काढून ट्रेलरच्या तोटीवर ग्रिल वापरण्याची मुभा दिलेली होती. सगळ्याच ग्रिलना ती नसते. काहींत रेग्युलेटर आणि नॉब एकाच घडणीचे असतात. ते उघडायचे नसतात. मुलाने रेग्युलेटर काढून ठेवला आणि नव्या नळीसाठी दुकानात गेला. आणलेल्या नळीचे टोक तोटीत बसेना. माप वेगळे होते. तो पुन्हा गेला. दुकानदाराने त्याला दुसरा मार्ग सुचवला. सिलिंडर आणि ट्रेलरचा रेग्युलेटर यांच्या मध्ये पितळी तिकाटणे बसवायचे आणि तिथूनच भारी दाबाची नळी थेट ग्रिलकडे न्यायची. हाही मार्ग चुकीचा नव्हता. फक्त त्यात ग्रिलचा स्वतःचा रेग्युलेटर जागेवर असावा लागतो. तो आता घरी खणात पडला आहे, हे दुकानदाराला ठाऊक नव्हते आणि मुलाच्या ध्यानात आले नाही. नळीचे आटे ग्रिलशी जुळेनात, तेव्हा त्याने आणखी एक पितळी जोड विकत घेऊन ते जुळवले.

आटे न जुळणे ही कारखान्याने केलेली मनाई असते. चुकीची वस्तू चुकीच्या जागी बसू नये म्हणूनच मापे वेगळी ठेवलेली असतात. जोड लावून ती मनाई मोडली जाते आणि ती मोडल्याचे मोडणाऱ्याला कळतही नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अण्णा बाहेर आले तेव्हा सगळी मांडणी तयार होती. नातू ग्रिलवर वाकून उभा होता. हातात लायटर होता. मुलगा सिलिंडरपाशी चक्र फिरवण्याच्या तयारीत होता. अण्णांची नजर सवयीने नळीवरून सिलिंडरपासून ग्रिलपर्यंत गेली. वाटेत त्यांना एकही रेग्युलेटर दिसला नाही.

ते झपाट्याने पुढे झाले आणि सिलिंडरच्या चक्रावर त्यांनी हात ठेवला.

"नाही," ते म्हणाले.

मुलगा दिवसभर धावपळीने शिणला होता. दुकानाच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या, पहाटे निघायचे होते. तो वैतागून म्हणाला, "अण्णा, प्रत्येक गोष्टीत तुमचं 'नाही' असतं. हे तुमचं सांगलीचं दुकान नव्हे."

सूनबाई दारात उभ्या होत्या. आई खिडकीशी होत्या. अण्णांचा चेहरा क्षणभर उतरला. पण हात चक्रावरून हलला नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "दुकान नव्हे, कबूल. तुला चालूच करायचं असेल तर आधी पोराला घरात ने. मग मी हात काढतो."

या वाक्यानंतर कोणी काही बोलले नाही. मुलाने पाना खाली टाकला आणि तो आत निघून गेला. अण्णांनी नातवाच्या हातातला लायटर घेतला, नळी सोडवली, सिलिंडरचे चक्र घट्ट असल्याची खात्री केली आणि ते पायरीवर बसून राहिले.

रात्री दहाच्या सुमारास मुलगा बाहेर आला. राग ओसरला होता. तो शेजारी बसला. बराच वेळ दोघेही गप्प होते. मग अण्णांनी विचारले, "दुकानातले मामा आठवतात तुला?"

मुलाला आठवत होते. दुकानातले मदतनीस, सगळेच त्यांना मामा म्हणत. उजव्या हाताची बोटे आखडलेली, मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत आणि पांढरट. लहानपणी त्या हाताकडे पाहायला त्याला भीती वाटे. उकळत्या तेलाने हात भाजला, असे त्याला सांगितले गेले होते.

"तेल नव्हतं ते," अण्णा म्हणाले.

मुलगा तेव्हा तिसरीत होता. ऐन लग्नसराई. गावातला एक खानावळवाला दुकानाचे जुने गिऱ्हाईक होता आणि त्याच्याकडे बरीच उधारी थकली होती. एके दिवशी संध्याकाळी तो धावत आला. त्याच्या मोठ्या भट्टीचा रेग्युलेटर बिघडला होता, तसला दुसरा गावात मिळत नव्हता आणि रात्री तीनशे पानांचा स्वयंपाक होता. रेग्युलेटर वगळून भट्टी सरळ सिलिंडरला जोडून द्या, एका रात्रीचा प्रश्न आहे, असे तो म्हणाला. अण्णांनी नकार दिला. तेव्हा त्याने खिशातून पैसे काढले आणि मागची सगळी उधारी आत्ता चुकती करतो असे सांगितले. अण्णांनी एक जोड तयार केला आणि मामांना सोबत पाठवले. जाताना त्यांनी बजावले होते, चक्र अगदी थोडे उघडा.

चक्र थोडेच उघडले होते. पण साध्या नळीला सिलिंडरचा दाब सोसवला नाही. ती टोकावरून निसटली, गॅसचा झोत भट्टीतल्या विस्तवावर गेला आणि पेटला. सगळे पळाले. मामा पळाले नाहीत. त्यांनी त्या जाळात हात घालून चक्र बंद केले. म्हणून खानावळ वाचली, आतली माणसे वाचली.

"मला माहीत होतं रे," अण्णा म्हणाले, "न कळून झालेली चूक नव्हती ती. 'नाही' म्हणायला मला येत होतं. मी म्हटलंही होतं. उधारी दिसली आणि ते मागं घेतलं."

"आणि मला तेल म्हणून सांगितलंत."

"दुकानाचं नाव जाईल म्हणून तेव्हा. नंतर लाज वाटली म्हणून."

मामांचा हात पुढे बारीक कामाच्या उपयोगाचा राहिला नाही. तरी ते दुकानात येत राहिले. गिऱ्हाइकाला पाणी देत, वायसर मोजून ठेवत. त्यांचा पगार एका महिन्यानेही चुकला नाही. दुकान पुतण्याकडे देताना अण्णांनी तीच एक अट घातली होती आणि आजही दरमहा ती रक्कम मिरजेला मामांच्या घरी पोहोचते. पण त्या रकमेची नोंद अण्णांच्या वहीत कधीही धर्मादाय खाती झाली नाही. ती देणे खातीच राहिली. एवढी वर्षे हप्ते भरूनही ते देणे फिटले असे त्यांनी कधी मानले नाही.

मुलगा काही बोलला नाही. त्याने अण्णांचा हात आपल्या हातात घेतला. उंबऱ्यापलीकडे आई उभ्या होत्या. त्यांना हे सारे पूर्वीपासून ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघणे झाले नाही. निघणे एक दिवस पुढे ढकलले गेले आणि त्याबद्दल कोणीही कुरकुर केली नाही.

सकाळी मुलाने आधी विचारले, "अण्णा, भारी दाबाची नळी आहेच. ग्रिलचा रेग्युलेटर परत बसवला तर?"

"चालेल. तेही बरोबरच आहे," अण्णा म्हणाले. "सिलिंडरवरून घ्यायचं तर ग्रिलचा रेग्युलेटर ठेवायचा. कुशीच्या तोटीवरून घ्यायचं तर काढायचा. दोन्ही वाटा बरोबर आहेत. तू काल अर्धी ही घेतलीस आणि अर्धी ती. तिथं घात झाला असता."

मग त्यांनी दोन वाटांमधली निवडही समजावून सांगितली. भारी दाबाची नळी ट्रेलरच्या पुढच्या टोकापासून ग्रिलपर्यंत, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पसरणार. तिच्यात सिलिंडरचा पूर्ण दाब. पोर धावताना पाय अडकला, कोणी खुर्ची ठेवली, तर जोखीम मोठी. कुशीच्या तोटीतून येणाऱ्या नळीत दाब नाममात्र. जिथे लेकरे वावरतात तिथे हीच वाट बरी. तिकाटणे आणि जोड दुकानात परत गेले; तोटीच्या मापाची नळी आली.

आता तोटीतून खरोखर किती दाब येतो हे पाहायचे होते. अण्णांनी एक पारदर्शक नळी मागवली, तिला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक देऊन फळीवर बांधली आणि आत हळदीचे पाणी भरले. आसपास कुठेही विस्तव नाही याची खात्री करून तिचे एक टोक तोटीच्या नळीला जोडले आणि झडप हलकेच उघडली. एका बाजूचे पिवळे पाणी खाली गेले, दुसऱ्या बाजूचे वर चढले आणि थांबले. नातवाने पट्टी लावून अंतर मोजले. अठ्ठावीस सेंटिमीटर.

अण्णांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी असे हसू आले. "हे तर आपलंच माप झालं," ते म्हणाले. भारतातल्या घरगुती रेग्युलेटरमधून गॅस सुमारे तीस मिलिबार दाबाने बाहेर पडतो. पाण्यात मोजला तर तीस सेंटिमीटर. देश वेगळा, सिलिंडर वेगळा, आटे वेगळे. पण चुलीपाशी पोहोचताना गॅसला दोन्हीकडे जवळजवळ सारखेच नम्र व्हावे लागते. नातवाला ती पिवळी नळी इतकी आवडली की त्याने तिचे चित्र काढून ठेवले.

ग्रिल पेटवण्याआधी आईंनी सर्वांना थांबवले. चूल पेटवण्यापूर्वी ती नीट न्याहाळून, मऊ पिसाने झाडून घेण्याची त्यांची जन्माची सवय. आदल्या आठ दिवसांत ग्रिल उघड्यावर पडली होती. त्यांनी बर्नरच्या नळीच्या तोंडाशी उजेड धरला. आत कोळ्याचे जाळे होते आणि कोळीही होता. त्यांनी तो कागदावर अलगद घेऊन कुंपणापाशी सोडला आणि जाळे काढले. मुलाने पुस्तिका चाळली तर तिच्यातही हीच सूचना होती. बर्नरच्या नळीत कोळी घर करतात, त्यामुळे गॅस आणि हवा यांची वाट अडते आणि ज्योत मागे नॉबकडे पेटू शकते. आई जीव वाचवण्यासाठी पाहत होत्या, पुस्तिका अपघात टाळण्यासाठी सांगत होती. पाहण्याचे काम एकच होते.

शेवटी गळतीची तपासणी. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. १९३७ साली टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत वासहीन नैसर्गिक वायू साठून भीषण स्फोट झाला आणि जवळजवळ तीनशे जण, बहुतेक मुले, प्राणाला मुकली. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याचे कायदे झाले. पण वयोमानाने नाक मंदावते आणि सर्दीत तर सगळ्यांचेच. म्हणून अण्णा वासावर कधीच विसंबत नसत. त्यांनी वाटीत साबणाचा फेस केला आणि प्रत्येक सांध्यावर लावला. दोन सांधे स्वच्छ निघाले. तिसऱ्यावर, ग्रिलच्या अगदी तोंडाशी, एक बुडबुडा फुगला, फुटला आणि पुन्हा फुगला. कोणाच्याही नाकाला वास आला नव्हता. झडप बंद करून मुलाने तो सांधा पान्याने आवळला. पुन्हा फेस लावला. आता बुडबुडा नव्हता.

मग मुलाने ग्रिलचे झाकण उघडले, आधी लायटर धरला आणि नंतर नॉब फिरवला. बर्नरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बुटकी, निळी, स्थिर ज्योत धावली. अण्णा म्हणाले, "आता जेटला काही दोष आहे का सांग."

यलोस्टोन हे १८७२ साली स्थापन झालेले, जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. फायरहोल आणि गिबन या दोन नद्या मिळून जिथे मॅडिसन नदी होते, तिथल्या मुक्कामस्थळी हे कुटुंब चार दिवस राहिले. समुद्रसपाटीपासून उंची दोन हजार मीटरहून अधिक. जून असूनही पहाटे बोटे काकडत. तिथे ट्रेलरला विजेची जोडणी मिळत नाही, त्यामुळे सगळी भिस्त गॅसवरच होती. मात्र जूनच्या अखेरीस त्या उत्तरेकडच्या प्रदेशात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. दिवसभर उष्ण पाण्याचे झरे आणि गव्यांचे कळप पाहून परतले तरी उजेडी जेवायला भरपूर वेळ उरे. कणसे खरपूस भाजली गेली, लिंबू-मीठ लागले. ट्रेलरच्या छतपडद्याखाली न ठेवता ग्रिल मोकळ्या आभाळाखाली, दारापासून आणि खिडकीपासून लांब ठेवली जाई. अस्वलांच्या भीतीने तिथे नियम आहे की अन्नच नव्हे, तर रिकामी भांडी, शेगडी, ग्रिलसुद्धा वापर संपताच बंद गाडीत ठेवावी. आईंना हा नियम फार आवडला. रात्री उष्टे-खरकटे उघडे ठेवू नये हे त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या. सरकारी फलकावर ते त्यांनी प्रथमच वाचले.

सूनबाईंनी एका कागदावर काही ओळी लिहून तो ट्रेलरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. ज्यांची मुले परदेशी आहेत आणि ज्यांना असा प्रवास घडण्याचा संभव आहे, त्यांना त्या उपयोगी पडतील. गॅसच्या वाटेत रेग्युलेटरची जोडणी एकदाच असावी. दोन नकोत आणि शून्य तर कधीच नको. ग्रिलचा रेग्युलेटर काढता येतो की नाही हे पुस्तिकेत पाहावे. मुभा नसेल तर हात लावू नये. आटे जुळत नसतील तर जोड शोधण्याआधी ते का जुळत नाहीत हे शोधावे. प्रत्येक जोडणीनंतर साबणाचा फेस लावावा. काडी ओढून गळती पाहू नये. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने जमिनीलगत साठतो, म्हणून ट्रेलरमधील जमिनीजवळचे सूचकयंत्र कधी बंद करू नये. जेवण झाले की आधी तोटी बंद करावी, नळीतला उरलेला गॅस जळू द्यावा, मग नॉब बंद करावा; आणि गाडी हलवण्यापूर्वी सिलिंडरही. शेवटची ओळ मुलाने आपल्या हाताने लिहिली होती : अण्णांनी 'नाही' म्हटले तर थांबावे.

परत आल्यावर एका संध्याकाळी मुलाने मिरजेला मामांना फोन लावला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर मामांचा चेहरा आला. चहाचा कप डाव्या हातात होता. मुलाला पुष्कळ बोलायचे होते, पण त्याला शब्द सुचेनात. त्याने अण्णांनी त्या रात्री सगळे सांगितल्याचे कसेबसे सांगितले. मामा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "जाऊ दे ते आता. अण्णा बरे आहेत ना? आणि ग्रिल का काय ती, तिची ज्योत निळी आली का?"

"आली मामा," मुलगा म्हणाला. "निळी आली."

मागे बसलेल्या अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि फोनसाठी हात पुढे केला.